उत्तरेची खिडकी

गावाबाहेर टेकडीच्या कुशीत ते बैठं, दगडी, कौलारू घर होतं. ड्रायव्हरनं ते घेतलं तेव्हा त्याला एवढंच ठाऊक होतं, की कौलं शाबूत आहेत, विहिरीला पाणी आहे आणि गाडीचा हॉर्न तिथवर पोचत नाही. त्याचा उभा जन्म लांब पल्ल्याच्या बसचं चाक हातात धरून गेला होता. मागे कुणाची भांडणं, कुणाची पोरं, कुणाच्या ओकाऱ्या, आणि पुढे सगळ्या जगाचे हॉर्न. कान नुसते किटून गेले होते. निवृत्त झाल्यावर त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या, शांतता आणि झोप.

घर पसंत केलं ते मात्र बायकोनं. ती शाळेत गणित शिकवायची. सगळा गाव तिला ‘बाई’ म्हणायचा, आणि ऐकून ऐकून नवराही बाईच म्हणायला लागला होता. एरवी भाजीची जुडी चार वेळा उलटीपालटी करून घेणारी बाई या घरात शिरली, मोठ्या खोलीत गेली, भिंतभर उंचीच्या खिडकीपाशी जरा वेळ उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, “घेऊ या.” ड्रायव्हरला वाटलं, मागचं परसू आवडलं असेल. चार वाफे करील, भाजी लावील. त्यानं काही विचारलं नाही. संसारात नवऱ्यानं न विचारलेल्या प्रश्नांची मोजदाद कोण ठेवतो?

सामान लागलं न लागलं तोच खालचा गिरणीवाला पिठाची पिशवी घेऊन ओळख करायला आला. अंगावर, भुवयांवर पीठ. बसला, चहा घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, “मग, तुमची कला कुठली?”

“माझी कसली कला? मी बस चालवायचो.”

“तसं नव्हे हो. या घरात कलाकारच राहतात. आजवर दुसरं कुणी राहिलंच नाही.”

आणि मग त्यानं घराची सगळी कुळकथा सांगितली. घर बांधलं ते एका नक्षीकाम करणाऱ्या सुतारानं. लाकडात पान कोरलं तर शेळीनं तोंड लावावं, असा त्याचा हात. त्याच्यानंतर एक बासरी बनवणारा आला. तो अर्धा दिवस वेळूला भोकं पाडायचा आणि उरलेला अर्धा दिवस ती फुंकून बघायचा, त्यामुळे टेकडीवरची गुरंसुद्धा सुरात हंबरायची म्हणे. आणि शेवटी आल्या दोघी बहिणी. थोरली चित्रकार. तिचं नाव लांबलांबपर्यंत झालं, मोठमोठ्या गाड्या या चढावर फसायच्या आणि गिरणीवाल्याचा बाप त्या बैलांनी ओढून काढायचा. थोरली गेली, धाकटी शहरात भाच्याकडे राहायला गेली, आणि घर बंद पडलं.

“आणि आता तुम्ही,” गिरणीवाला म्हणाला, आणि ड्रायव्हरकडे असं बघितलं, जसं एखाद्यानं देवळाच्या गाभाऱ्यात टायर ठेवलेला बघावा.

ड्रायव्हरला हसूही आलं आणि ते थोडं लागलंही. पुढे तर हे नेहमीचंच झालं. रविवारी कुणी ना कुणी फाटकाशी यायचं. “इथंच राहायच्या ना त्या? आत बघू का जरा?” लोक मोठ्या खोलीत उभे राहायचे, खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे बघून हळू आवाजात बोलायचे आणि जाताना ड्रायव्हरचे आभार असे मानायचे, जणू तो तिथला रखवालदार. बाई अशा वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसायची. बाहेरच यायची नाही.

थंडी सुरू झाली आणि खिडकीचं खरं रूप कळलं. तिचं तोंड उत्तरेला. वारा टेकडीवरून घसरत यायचा तो थेट काचांवर. चौकट जुनी, फटीफटींतून शीळ वाजायची. ड्रायव्हरनं चिंध्या कोंबल्या, पोती टांगली, काही उपयोग नाही. घर रात्रभर तापवावं आणि सकाळी सगळी ऊब खिडकीच्या वाटेनं पळून गेलेली असावी. त्यात बाईला खोकला धरला. कोरडा, खोल खोकला. तीस-पस्तीस वर्षांची खडूची धूळ छातीत बसलेली, तिला थंडीचं निमित्त मिळालं. ती खोकायला लागली की ड्रायव्हर पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायचा. दुसऱ्याचं दुखणं मध्येच थांबवायला त्याला ब्रेक सापडत नव्हता.

एवढ्यात भाची बाळंत झाली, म्हणून बाई बहिणीकडे गेली. ड्रायव्हरनं ठरवलं, हीच वेळ आहे. गवंडी बोलावला. दोघांनी मिळून चौकट उचकटली, काचा एकेक करून पडवीत नेऊन ठेवल्या आणि खिडकीच्या जागी विटांची भक्कम भिंत उभी केली. आतून गिलावा, वरून चुना. बाईचा पलंग त्यानं मुद्दाम त्या भिंतीला लावला, त्यावर नवी रजई टाकली. खोली अशी ऊबदार झाली, की गवंडी जाताना म्हणाला, “साहेब, आता इथं अंडी ठेवलीत तर पिल्लं निघतील.”

बाई आली. ड्रायव्हरनं तिची पिशवी हातातून घेतली आणि लहान पोरानं प्रगतिपुस्तक दाखवावं तशा तोऱ्यात मोठ्या खोलीचं दार उघडलं. “बघ!”

बाई उंबऱ्यावर थांबली. आत भरदुपारी दिवा लावावा एवढा अंधार. तिनं भिंतीवरून हात फिरवला. तिच्या बोटांना चुना लागला.

“वारा बंद झाला की नाही?” ड्रायव्हर म्हणाला.

“हो. झाला.”

“आता खोकला कसा जात नाही बघतो.”

“बरं केलंत,” बाई म्हणाली आणि चहा टाकायला निघून गेली.

आता, बाई रागावली की कशी रागावते हे ड्रायव्हरला पक्कं ठाऊक होतं. भांडी जरा मोठ्यानं ठेवली जातात, वाक्यं छोटी होतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम ऐकू येतो. पण यातलं काही झालं नाही. ती नीट बोलत होती, जेवायला वाढत होती, भाचीच्या बाळाचं कौतुक सांगत होती. फक्त मोठ्या खोलीत ती झोपण्यापुरती जायची, आणि दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसायची. खोकला खरंच कमी झाला. पण ड्रायव्हरला का कोण जाणे, ते खोकणं परवडलं असं वाटायला लागलं. आपलं काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं. काय, ते विचारायचा धीर होत नव्हता.

थंडी ओसरायला लागली होती. एका सकाळी ड्रायव्हर फाटकाला तेल देत होता, तेव्हा चढावरून एक म्हातारी येताना दिसली. बुटकी, काटक, हातात काठी आणि खांद्याला कापडी पिशवी. दर दहा पावलांवर थांबायची, आणि दमली म्हणून नव्हे, तर काहीतरी बघायचंच होतं अशा ऐटीत टेकडीकडे बघायची. फाटकाशी येऊन ती म्हणाली, “हे अजून कुरकुरतंय वाटतं.”

“तेल घालतोय.”

“त्यानं काही होत नाही. बिजागरी उलटी बसवलेली आहे. मी धाकटी. इथं राहायचे.”

ड्रायव्हर पटकन हात पुसून उभा राहिला. आजवर आलेल्या सगळ्यांना तो कंटाळला होता, पण हिचं तसं नव्हतं. “या, या. कशा आलात?”

“बसनं. दोन बदलून.”

“म्हणजे धरणावरच्या फाट्याला उतरलात? तिथून चालत? अहो मावशी, तो घाट केवढा! आणि सकाळची गाडी, तिच्या मागच्या सीटवर माणसाचं लोणी निघतं.”

“मागचीच मिळाली,” म्हातारी म्हणाली. “आत्ता हाडं जागच्या जागी बसतायत.”

अशी ओळख झाली आणि म्हातारीची तिथल्या तिथे ‘मावशी’ झाली. बाईनं चहा दिला, पाव गरम केला. मावशीनं घर पुन्हा एकदा डोळे भरून बघायचं म्हणून हा खटाटोप केला होता. भाचा आणतो आणतो म्हणायचा आणि त्याला सवड होत नव्हती, म्हणून आज तो भल्या पहाटे कामावर गेल्यावर ती सरळ निघाली होती. चहा संपल्यावर ती काठी टेकत उठली. “मोठी खोली बघते आणि निघते.”

 ड्रायव्हर पुढे झाला. “मावशी, एक सांगायचं राहिलं. तिथं आम्ही... मी जरा...”

पण मावशीला पायाखालची वाट पाठ होती. तिनं दार ढकललं. आतल्या अंधारात ती थांबली. बाई तिच्या मागे, ड्रायव्हर बाईच्या मागे. आता ही रडणार, असं त्याला वाटलं. म्हातारीचे खांदे हलायला लागले. ड्रायव्हरनं मान खाली घातली.

मावशी हसत होती. आधी आवाज न करता, मग खो खो, मग पलंगाच्या कडेला टेकून, डोळ्यांना पदर लावून. “बंद केलीत!” ती म्हणाली. “अहो, जन्मभर मी थोरलीच्या पाया पडले, की अगं, ही मेली खिडकी बंद कर! निदान एक पडदा लाव! पडदा लावला की म्हणे उजेड मळतो. उजेड मळतो! आणि माझी बोटं निळी पडायची, त्याचं काय?”

ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडला. “मीही तेच म्हणतो! हिला खोकला झाला होता हो. ही बहिणीकडे गेली तेव्हा गवंडी बोलावला आणि...”

“ही घरात नसताना?” मावशीचं हसू एकदम थांबलं. तिनं बाईकडे बघितलं, मग भिंतीकडे. “म्हणजे पुन्हा तेच. ही खिडकी पाडली कुणी, ठाऊक आहे? पहिल्या सुतारानं. घर बांधलं तेव्हा इथं भिंतच होती. त्याला कोरायला उजेड पुरेना. बायको माहेरी गेल्याबरोबर पठ्ठ्यानं घण घेतला आणि भिंतीला हे भगदाड पाडलं. बायको आली, बघितलं, आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही म्हणे. त्याच्या नातीनंच मला सांगितलं. या घरात बाई बाहेरगावी गेली की भिंती बदलतात.”

 मावशी पलंगावर नीट बसली आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. “बाई, तुम्ही इथं काय करणार होतात?” तिनं विचारलं. सहज, जसं एखादीला विचारावं की भाजी कुठली टाकणार होतीस.

बाईनं हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. मग म्हणाली, “चित्रं काढणार होते.”

ड्रायव्हर तिच्याकडे बघतच राहिला. “तू?”

“हो. मी.”

“कधीपासून?”

“कधीपासून म्हणजे? लहानपणापासून. घरच्यांनी सांगितलं, गणित चांगलं आहे, नोकरी लागेल. लागली. म्हटलं, निवृत्त झाल्यावर. ही खिडकी बघितली आणि वाटलं, इथं जमेल. रंगही आणलेत. पिठाच्या डब्यामागे आहेत.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही हसला असता.”

ड्रायव्हरनं खरंच विचार केला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. “हसलो असतो,” तो म्हणाला. “थोडा वेळ. मग गप्प बसलो असतो. पण विटा नसत्या लावल्या गं.”

“तुम्ही माझ्या खोकल्यासाठी लावल्यात. मग कुठल्या तोंडानं बोलू?” बाईचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि ड्रायव्हरला त्यातून असं हायसं वाटलं, जसं बंद पडलेलं इंजिन चौथ्या किल्लीला धडधडावं. “आणि आता म्हणते, बरं झालं. इतके लोक येतात, यांच्या थोरल्या बहिणीबद्दल इतकं बोलतात. या खोलीत मी बसून काय दिवे लावणार होते? आंबा काढला तर बटाटा दिसतो माझा.”

“बटाटा तरी दिसतो ना?” मावशी म्हणाली. “आमच्या थोरलीची पहिली चित्रं कुणी बघितली नाहीत. मी बघितली. ती काढायची, चिडायची आणि माझ्यापुढे टाकायची. पहिले दोन हिवाळे मी चूल त्यांच्यावरच पेटवली. फार छान पेटायची. तेलाचे रंग ना.” ती पुन्हा हसली, पण या वेळी हळू. “ती मोठी झाली ती नंतर. आधी नुसती हट्टी होती. लोकांना नंतरचं दिसतं. चुलीतलं कुणाला दिसणार?”

 बाईनं फडकं बाजूला ठेवलं.

ड्रायव्हर खोलीबाहेर गेला. पडवीत काहीतरी धडपडल्याचा आवाज झाला, आणि तो छिन्नी आणि हातोडा घेऊन परत आला.

“आत्ता?” बाई म्हणाली. “अहो, जेवण तरी...”

“जेवण होत राहील. तू इथं आहेस. या वेळी तुझ्यासमोर.”

चुना उडाला, गिलावा पडला, पण पहिली वीट काही हलेना. गवंड्याचं काम चोख होतं. ड्रायव्हर घामाघूम झाला, कपाळ पांढरं झालं. शेवटी बाईनंच छिन्नी धरली, त्यानं घाव घातले आणि वीट बाहेरच्या बाजूला निसटून गवतात पडली. खोलीत उजेडाचा एक चौकोन आला, आणि त्याच्यामागोमाग गार वारा.

“आला मेला,” मावशी म्हणाली आणि पदर गळ्याभोवती घट्ट ओढला.

त्या दिवशी ती परत जाऊ शकली नाही. संध्याकाळची बस सुटून गेली होती, आणि सुटली नसती तरी बाईनं तिला त्या घाटात सोडलं नसतं. भाच्याला फोन केला. तो आधी ओरडला, मग घाबरला, मग म्हणाला, राहू दे चार दिवस.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. आपली भिंत बघून त्याला भडभडून आलं. “साहेब, बांधायचं काय आणि पाडायचं काय! तुमच्या गाडीला रिव्हर्स गिअर जरा जास्तच सोपा दिसतो.” पण त्यानं मन लावून काम केलं. चौकट नव्यानं बसवली, फटी बुजवल्या. तरी मोठी काच ती मोठी काच, तिच्यातून गारठा यायचाच. ड्रायव्हर दोन दिवस खिडकीसमोर स्टूल टाकून बसला. मग गावातल्या सुताराकडे गेला आणि आतून जाड लाकडी झडपा करून आणल्या. बसच्या दारासारख्या, घडी होऊन बाजूला सरकणाऱ्या. तशा दारांत त्याचा जन्म गेला होता. दिवसा उघडायच्या, की सगळा उजेड आत. ऊन उतरलं की ओढून घ्यायच्या, की वाऱ्याला शिरायला जागा नाही. आतल्या बाजूला त्यानं जुनी घोंगडी ठोकली. दिसायला काही खास नव्हतं. पण त्या रात्री खोली कोमट राहिली.

मावशीनं झडपा दोनदा उघडल्या, दोनदा लावल्या. “आम्ही दोघी,” ती म्हणाली, “तीस वर्षं भांडलो. ती म्हणे उघडी, मी म्हणे बंद. असं काही करता येईल, हे एकीलाही सुचलं नाही. भांडण फार चांगलं चाललं होतं ना, त्यामुळे.” आणि मग खिडकीशी खुर्ची ओढून ती बराच वेळ टेकडीकडे बघत बसली. घरातल्या सगळ्यांत सुंदर जागी निवांत बसायला तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. एरवी ती जागा कायम चित्रांची, आणि तिची जागा चुलीशी.

बाईनं रंग काढले. पहिल्या दिवशी नुसतीच कागदासमोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी किटली काढली. ड्रायव्हरला वाटलं बदक आहे, पण आता तो शहाणा झाला होता. तो म्हणाला, “छान आहे.”

“काय आहे ते सांगा आधी.”

“...घरातलीच वस्तू आहे.”

बाई हसली. मनापासून, पोट धरून. ती किटली सकाळी चुलीत गेली. तिच्यामागोमाग विहीर, फाटक आणि गिरणीवाल्याचा कुत्राही गेला. पण बाई मूळची गणिताची. चुकलं की उत्तर खोडायचं आणि नव्या ओळीवर पुन्हा मांडायचं, हे तिनं हजारो पोरांना शिकवलं होतं, आता ते स्वतःला शिकवत होती. चिडायची, आदळआपट करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी हजर. ड्रायव्हर पडवीत पडल्या पडल्या तिचं पुटपुटणं ऐकायचा. त्याला हवी होती ती शांतता काही मिळाली नव्हती, पण झोप मात्र झकास लागायची.

मावशीचे चार दिवस संपले, मग आणखी चार झाले. भाचा न्यायला आला, तेव्हा ती खिडकीशी बसली होती आणि बाई तिचं चित्र काढत होती. “हलू नका मावशी,” बाई म्हणत होती.

“थोरली हेच म्हणायची. मला कधी काढलं नाही तिनं. म्हणायची, तू फार हलतेस. मी म्हणायचे, अगं, मी हलले नसते तर तू जेवली असतीस का?” आणि भाच्याला म्हणाली, “तू बस तिकडे. चित्र व्हायचंय माझं.”

भाचा बसला. चहा प्यायला, पुन्हा प्यायला. शेवटी त्यानं ड्रायव्हरला बाजूला घेतलं. “मामा, खरं सांगा, तुम्हाला त्रास नाही ना? घरी ती दिवसभर एकटी असते हो. इथं किती बोलतेय.”

“त्रास?” ड्रायव्हर म्हणाला. “फाटकाची बिजागरी तिनं सांगितली तशी फिरवली. कुरकुर गेली. अशा माणसाला कोण जाऊ देतो? मागची खोली रिकामीच आहे. तिचे कपडे तेवढे घेऊन या. आणि रविवारी तुम्ही या, सगळ्यांना घेऊन.”

चित्र पुरं झालं, तेव्हा ते फार चांगलं झालं नव्हतं. एक हात दुसऱ्यापेक्षा लांब आणि खुर्चीला जेमतेम तीन पाय. पण मान कलती करून, समोरच्याला आता काहीतरी ऐकवणार अशा बेतात बसलेली म्हातारी मात्र नेमकी तिथं होती. तिघंही चित्रासमोर उभे राहिले. मावशीनं चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. मग ती म्हणाली, “हे चुलीत नाही घालायचं.”

“चांगलं झालंय?” बाईनं भीत भीत विचारलं.

“हात बिघडलाय. पण मी आहे.”

उन्हाळा लागला. भाच्यानं ट्रंक आणून ठेवली आणि मागच्या खोलीत मावशीचं बिऱ्हाड थाटलं. खोकला पुन्हा झाला नाही असं नव्हे, पण बाई आता सकाळी टेकडीवर जायला लागली होती आणि छाती मोकळी होत होती. एके दिवशी ती फळी, कागद आणि रंगांचा डबा घेऊन निघाली, तेव्हा गवत एका बाजूला झुकलेलं होतं.

“वारा आहे गं,” ड्रायव्हर पडवीतून ओरडला. “कागद उडेल!”

“उडू दे! दुसरा आहे!” बाई मागे न बघता म्हणाली आणि चढाला लागली. मावशीनं शेंगांची परात पुढे ओढली आणि ड्रायव्हरपुढे अर्ध्या सरकवल्या. दोघं सोलत बसले. वर टेकडीवर बाई थांबली होती, कुठे बसावं ते ठरवत.